सोय

गाठ बोटांनी सुटेना, तेव्हा यामिनीने दात लावले. दुसऱ्याच क्षणी तिची जीभ पेटली. चिंधीत मिरची पार मुरलेली होती. ओठ, हिरड्या, नाकाचा शेंडा, सगळं एकदम भडकलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ज्याच्या पायाची गाठ ती सोडत होती तो दीड वर्षाचा बारक्या पत्र्याच्या शेडच्या खांबाला टेकून बसला होता, आणि तिचा तो अवतार बघून खदखदून हसत होता.

"ऱ्हाऊ द्या ताई," त्याची आई धनीबाई म्हणाली. "ती गाठ अशी नही सुटस."

धनीबाई दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभी होती. कोपरापर्यंत लाल. मिरचीच्या पथारीवरच्या सगळ्याच बाया असे हात धरून वावरतात. शहराबाहेरच्या त्या मोकळ्या रानात नजर जाईल तिथवर मिरची वाळत पडलेली असते आणि बाया रांगेने बसून देठ खुडतात. दिवस मावळेपर्यंत डोळा चोळायचा नाही, घाम पुसायचा नाही आणि पोराला उचलायचं नाही. उचललं की ते रडरड रडतं.

यामिनीने पुन्हा दात लावले आणि गाठ सुटली. पायाभोवती नुसता फिकट पट्टा उमटला होता, जखम नव्हती. चिंधी जुन्या लुगड्याची होती, हिरव्या काठाची, आणि काठ आतल्या बाजूला वळवून घेतलेला होता. दुसरं टोक खांबाला होतं, तेही तिने सोडलं. बारक्या उठला, चार पावलं दुडदुडला आणि एवढं मोकळं रान समोर असूनही परत येऊन खांबापाशीच बसला.

ती आरोग्य सेविका होती. लस टोचायची, वजनं घ्यायची, गरोदर बायांच्या घरी जायची, असं तिचं काम वर्षानुवर्षं चाललेलं. त्या साली खात्याने नवीन उपक्रम काढला, 'बालपण जपणूक', आणि प्रशिक्षणाच्या पहिल्या तुकडीत तिचं नाव आलं. सभागृहात पंखे गरगरत होते, दुपारच्या जेवणात श्रीखंड होतं, निम्म्या बायांना डुलक्या लागल्या होत्या. पण उपक्रम चालवणारे जगदीश सर बोलायला उभे राहिले आणि यामिनीची झोप उडाली. सर धडगावकडच्या पाड्यावरचे. आईबाप ऊसतोडीला गुजरातेत, पोरगा आश्रमशाळेत, असं त्यांचं लहानपण गेलेलं. ते म्हणाले, "लस टोचता येते. भीती लागली की ती टोचून काढता येत नाही. ती लागायच्या आधीच थांबवायची, आणि ते कोणी करायचं? जी घराघरांत जाते तिनेच." पोराला मारहाण, घरातली दारू, एकटं टाकणं, बांधून ठेवणं; हे बघायला कोणी नव्हतं, आता तुम्ही बघायचं. बघा, विचारा, जोडा, असे तीन शब्द त्यांनी फळ्यावर लिहिले. जोडा म्हणजे त्या घराला योग्य त्या सोयीशी जोडून द्या. जोडायला दुसऱ्या टोकाला काहीतरी असावं लागतं, एवढंच त्या फळ्यावर लिहायचं राहून गेलं होतं.

यामिनीने ते मनावर घेतलं. इतकी वर्षं ती दंडाला सुई टोचून पुढे गेली होती, पोराच्या तोंडाकडे कधी बघितलंच नव्हतं, असं तिला वाटायला लागलं. पथारीवर बारक्या दिसला आणि तिने स्कूटी तिथेच लावली.

"सोडी दिनं त तो ट्रॅक्टरखाल जाई," धनीबाई म्हणाली. "दिवलीबाईना नातू गया ना मांगे. बठ्ठास्नी देखं."

पथारीवरच्या दिवलीबाईचा नातू सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तसाच चाकाखाली गेला होता. आताही मागे एक ट्रॉली मिरचीच्या ढिगाच्या अंगाने उलटी येत होती. चालवणारा मान वळवून बघत होता, पण बघत होता ते ढिगाकडे.

यामिनीने डोळे पुसले, ते आणखी झोंबले. ती नंदुरबारचीच, घरात अहिराणीच बोलणारी. पण कामाचं बोलायचं असलं की तिच्या तोंडी शाळेतली मराठी यायची.

"तुमची माया आहे म्हणूनच तुम्ही बांधता, हे मला कळतं," ती म्हणाली. हे पहिलं वाक्य शिकवलेलं होतं, पण ती मनापासून बोलली. "पण दिवसभर बांधलेल्या लेकराचं मन आतल्या आत आक्रसतं, धनीबाई. ते दिसत नाही, मोठेपणी दिसतं. याची दुसरी काहीतरी सोय करायला हवी."

धनीबाईने खाली बघितलं. मग मान वर केली.

"सोय," ती म्हणाली. "करसू ना. सकायपासून करसू सोय."

उद्यापासूनच म्हणाली. एरवी इतक्या सहजासहजी कोणी ऐकत नाही, म्हणून यामिनीला केवढा आनंद झाला. बारक्याच्या गालाला हात लावायला ती वाकली, मग आपल्याही बोटांना आता मिरची आहे हे आठवून तिने हात मागे घेतला. कसली सोय, कोणाची सोय, हे विचारायचं राहिलं. तिची जीभ जळत होती आणि तिला पाणी हवं होतं.

"ही चिंधी मी घेऊन जाऊ?"

"लई जा," धनीबाई म्हणाली. "आते काय करसू तिन्हं."

त्या चिंधीने यामिनीचं नाव केलं. आढावा बैठकीत तिने ती टेबलावर ठेवली आणि सगळा प्रसंग सांगितला. चिंधी हातोहात फिरली, आणि पाच मिनिटांत अर्धी बैठक डोळे चोळायला लागली. हसता हसता सगळ्यांची पुरेवाट झाली. जगदीश सरांनी मात्र नळावर जाऊन डोळे धुतले आणि परत येऊन म्हणाले, "हसू नका. ते पोर रोज हे अंगाला लावून बसायचं." मग ते यामिनीकडे वळले. "आता सोय झाली आहे ना त्याची?"

"झाली सर."

खोटं नव्हतं ते. फेरीवर असताना ती पथारीच्या फाटकाशी थांबायची आणि लांबूनच बघायची. बारक्या मोकळा असायचा. कधी ढिगाआडून डोकं काढायचा, कधी मांजरामागे पळायचा. धनीबाई लाल हात वर करून तिला दाखवायची, तीही हात हलवायची. आसपास मुलं दिसायची. पथारीवर मुलं असतातच. यामिनी खुशीत पुढे जायची. तिच्यावर आता दुसऱ्या बायांना शिकवायची जबाबदारी आली होती, आणि प्रत्येक तुकडीपुढे ती चिंधी पिशवीतून काढायची, आता प्लास्टिकच्या पाकिटात घालून.

मग पुण्याहून खात्याच्या मोठ्या मॅडम येणार असल्याचा निरोप आला. उपक्रम इथेच थांबवायचा की सगळ्या तालुक्यांत न्यायचा, हे त्यांच्या शब्दावर होतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पथारीवर पाळणाघर हवं म्हणून सरांनी मागणी पाठवली होती, तीही त्यांच्याच हातात होती.

"त्यांना बारक्या दाखवू," सर म्हणाले. "भाषण नको. मोकळं पोर बघितलं की बाकी काही सांगावं लागत नाही."

त्या दिवशी गाडी यायच्या आधीच यामिनी पथारीवर पोचली. हवेत मिरची होती, तिने ओढणी नाकाला गच्च बांधली. शेडपाशी बारक्या मातीत बसला होता. त्याच्या शेजारी दहा-अकरा वर्षांची एक मुलगी उकिडवी बसली होती. अंगात शाळेचा निळा फ्रॉक, एक हात बारक्याच्या शर्टाच्या टोकाला घट्ट धरलेला. ट्रॅक्टरचा आवाज आला की तो हात आपोआप मागे ओढला जाई. तिचं त्याच्याकडे लक्षसुद्धा नव्हतं, ती रस्त्यापलीकडे बघत होती. रस्त्यापलीकडे जिल्हा परिषदेची शाळा होती.

"काय नाव वं तुन्हं?"

"निशा."

"बारक्यानी बहीण का?"

मुलीने मान डोलावली.

"आज शाळा नही का?"

"शे ना."

"मंग तू आठे काय करी ऱ्हायनी?"

"ह्याले देखी ऱ्हायनू."

यामिनीने नाकावरची ओढणी खाली केली. पुढचा प्रश्न विचारणं तिला जड गेलं.

"कवयपासून?"

"तुम्ही त्याले सोडं ना, तवयपासून." निशाच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "आधी मीच गाठ बांधू नि शाळामा जाऊ. मायना हात तिखा ऱ्हातस, तिले बांधता नही येस. काठ आतमा करना, मंग टोचत नही."

यामिनी तिथेच मातीत बसली. आपण दातांनी सोडली ती या पोरीची गाठ होती. रोज सकाळी भावाच्या पायाला मऊ काठ लागेल अशी गाठ बांधून ही पोर रस्ता ओलांडत होती, पाचवीच्या वर्गात जाऊन बसत होती. आणि आपण ती चिंधी पिशवीत घालून गावभर मिरवली. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिथून उठून निघून जावंसं वाटलं.

ती उठली, पण गेली धनीबाईकडे.

"पोरले शाळामातून काढं तुम्ही?"

धनीबाईचा हात थांबला नाही. देठ तुटत होते.

"तुम्हीच सांगं ना ताई, सोय करा. मी सोय करी." तिने वर बघितलं, आणि यामिनीचा चेहरा बघून ती जरा गोंधळली. आपलं काय चुकलं हे तिला खरोखरच कळत नव्हतं. "ह्यो धाकला मोठा व्हयना का मंग जाई ना ती शाळामा. कोठे जाई ऱ्हायनी शाळा?"

विचारा, असं फळ्यावर लिहिलं होतं आणि तिने विचारलं नव्हतं. आता सरांना सांगावं, गाडी फाटकातून आत यायच्या आधी सांगावं, हे तिला कळत होतं. पण सांगितलं तर मॅडम काय बघणार? एक पोर सोडलं आणि एक पोर अडकवलं, हे? मग पाळणाघर कुठलं आणि काय. पाळणाघर झालं तर निशाच शाळेत जाईल. म्हणजे आज गप्प राहणं निशाच्याच भल्याचं आहे, अशी तिने स्वतःची समजूत घातली. समजूत चांगली होती, तिच्यात कुठे फट नव्हती, आणि तरीही ती तिला बोचत होती.

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला.

यामिनी निशापाशी आली. गुडघ्यावर बसली.

"त्या मॅडम येतीन ना," ती म्हणाली, "त्या तुले इचारतीन, शाळा..."

तिने फाटकाकडे बघितलं.

निशाने तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. मोठ्या माणसांचा चेहरा वाचायची सवय असलेली पोर होती ती.

"जास म्हनू?"

यामिनीने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. निशाच्या कपाळावर केसांची एक बट आली होती, ती तिने कानामागे सारली. फ्रॉकची कॉलर सरळ केली.

पुण्याच्या मॅडम भल्या बाई होत्या. त्यांनी खुर्ची नको म्हटलं, चपला काढून मातीत बसल्या, शिंकल्या, हसल्या, पुन्हा शिंकल्या. बारक्या निशाच्या कडेवर चढला आणि तिच्या मानेत तोंड खुपसून एका डोळ्याने त्यांच्याकडे बघत राहिला.

"तोच का हा?"

"तोच," जगदीश सर म्हणाले. यामिनीने मान खाली घातली.

"आणि तू कोण गं बाळा? ताई का याची?" मॅडमनी विचारलं. "शाळेत जातेस ना?"

निशा ताठ उभी राहिली. बारक्याला तिने कडेवर वर सरकवलं आणि वर्गात उभं राहून उत्तर द्यावं तसं खणखणीत म्हणाली,

"हो, मी रोज शाळेत जाते."

शुद्ध, स्वच्छ, एकही अक्षर इकडेतिकडे न होता. तिच्या घरात भिली बोलत, पथारीवर अहिराणी. असलं वाक्य तिला एकाच ठिकाणी शिकायला मिळालं होतं.

"बघितलंत?" मॅडम सरांना म्हणाल्या. "किती छान बोलते. आणि हा किती निवांत आहे तिच्यापाशी. यालाच तर आपण सुरक्षित नातं म्हणतो." त्यांनी मोबाइल काढला. "एक फोटो घेऊ? प्रशिक्षणाच्या पुस्तिकेवर हाच टाकू."

निशा हसली, कारण हस असं सांगितलं होतं. बारक्या हसला, कारण निशा हसली. मागे देठ खुडणारी धनीबाईही फोटोत आली असेल. तिने पदर सारखा करायला हात उचलला होता आणि तसाच हवेत धरला होता.

गाडीकडे जाताना पाळणाघराचा विषय निघाला. यामिनी मागून चालत होती, तिने कान टवकारले.

"गरज आहे, प्रश्नच नाही," मॅडम म्हणाल्या. "पण इथे तुम्ही पाळणाघराशिवाय करून दाखवलंत, हेच मला सगळ्यांना सांगायचं आहे. खर्चाशिवाय, नुसत्या समुपदेशनातून. बाकी तालुक्यांनाही हेच शिकवू. पाळणाघराचं पुढे बघू."

जगदीश सर काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. यामिनीचे पायही तिथेच थांबले. तिची फट नसलेली समजूत गाडीपर्यंतही टिकली नव्हती.

"यामिनी," सरांनी वळून हाक मारली, "ती चिंधी मॅडमना पुण्याला न्यायची आहे. आणतेस का?"

तिची पिशवी शेडमध्ये होती. ती परत गेली. खांबापाशी बसून तिने पाकीट काढलं, उघडलं, आणि इतक्या दिवसांनीही त्यातून तोच तिखट वास आला. निशा बारक्याला घेऊन जवळ येऊन उभी राहिली.

"हाई आमनी शे," ती म्हणाली.

"हां. तुमनीच शे."

निशाने फाटकाकडे बघितलं. मॅडम गाडीत बसल्या होत्या, सर दाराशी उभे होते. तिने रस्त्यापलीकडेही बघितलं. मग आवाज खाली आणून तिने विचारलं,

"ताई, त्यास्नी देखी लिनं ना आते? मंग बांधू का त्याले?"

यामिनीच्या हातात चिंधी होती. तिने ती निशाच्या हातात दिली.

निशा खाली बसली. बारक्याने चिंधी बघितली आणि कोणी न सांगता आपला पाय पुढे केला. निशाने काठ आत वळवला. यामिनीने पायाशी आपलं एक बोट आडवं धरलं, त्याच्यावरून निशाने गाठ आवळली, मग यामिनीने बोट काढून घेतलं. निशाने दुसरं टोक खांबाला बांधलं, एकदा ओढून बघितलं, आणि ती पळाली. ढिगांच्या मधून, आईच्या मागून, ट्रॉलीच्या पुढून, रस्त्याकडे. देठ खुडता खुडता धनीबाईने मान वर केली, पोरीला जाताना बघितलं, खांबाकडे बघितलं, आणि पुन्हा खाली बघून हात चालू ठेवला.

"यामिनी!" फाटकातून सर दोन पावलं आत आले होते. "मिळाली का?"

मागे बारक्या स्वतःशीच काहीतरी गात होता. यामिनी उठली आणि खांबाच्या पुढे येऊन उभी राहिली. डोळ्यांकडे जाणारा हात तिने मध्येच थांबवला आणि अंगापासून लांब धरला.

"नाही सर," ती म्हणाली. "सापडत नाही."